नोटेवरचा क्रमांक आणि त्याचे वाचक

चलनी नोटेवर वाचण्याजोगा मजकूर पुष्कळ असतो. रिझर्व्ह बँकेचे नाव असते, गव्हर्नरांची स्वाक्षरी असते, धारकास अमुक इतके रुपये अदा करण्याचे वचन असते, आणि मागील बाजूस पंधरा भाषांची जी पट्टी असते तीत आपली मराठीही असते. एका छपाईतील सर्व नोटांवर हा मजकूर सारखाच असतो. निराळी असते ती एकच ओळ, क्रमांकाची. बहुतेकांच्या हातून आयुष्यभरात हजारो नोटा जातात आणि ही ओळ न वाचताच जातात. मोजके काही लोक मात्र नोट हाती पडताच प्रथम तीच ओळ वाचतात, आणि तेथे सहा अंकी ११११११ची हाव न धरता नुसता १२३४५६ जरी दिसला, तरी ती नोट पुन्हा बाजारात जाऊ देत नाहीत. शंभर रुपयांची नोट शंभर रुपयांना देणे त्यांना तोट्याचे वाटते.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे का मांडावा, असे कोणी विचारील. आम्ही मराठीचे अध्यापक. अर्थशास्त्र किंवा नाणकशास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे. परंतु 'मूल्य' हा शब्द आम्ही वर्गात रोज वापरतो. वाङ्मयीन मूल्य कृतीत असते की वाचकात, हा वाद प्रत्येक पिढीतील विद्यार्थी नव्याने घालतात. क्रमांकासाठी जपल्या जाणाऱ्या नोटेचा इतिहास पाहताना आम्हांला असे जाणवले की, हाच प्रश्न येथे अगदी उघड्या स्वरूपात उभा आहे. एवढेच नव्हे, तर त्याचे चुकीचे उत्तर दिल्यामुळे माणसे फसतात आणि कष्टाचे पैसे गमावतात.

१

नोटेला क्रमांक का लागला, हे समजण्यासाठी आधी हुंडीकडे पाहावे लागते. हुंडीत लिहिणारा कोण, कोणावर लिहिली, रक्कम किती, तिथी कोणती, हे सारे हाताने लिहिलेले असे. प्रत्येक हुंडी म्हणजे एक स्वतंत्र पत्रच होते. तिची ओळख पटण्यास अक्षर, पेढी आणि माणसे पुरेशी होती. छापील नोटेचे तसे नाही. ती कोणा एकाच्या नावे नसते; ज्याच्या हातात आहे त्याची असते. शिवाय ती यंत्रावर छापलेली, म्हणून दुसरीसारखीच दिसते. अशा कागदाची स्वतःची म्हणावी अशी एकच खूण उरते, ती म्हणजे क्रमांक.

१८६१ च्या पेपर करन्सी ॲक्टने नोटा काढण्याचा अधिकार हिंदुस्थान सरकारकडे आला आणि त्यापूर्वी नोटा काढणाऱ्या मुंबई, बंगाल व मद्रास या इलाखा बँकांचा तो अधिकार संपला. सरकारच्या पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचे चित्र होते. त्या १०, २०, ५०, १०० आणि १००० रुपयांच्या होत्या, एकाच बाजूस छापलेल्या होत्या, आणि त्यांचा कागद इंग्लंडमध्ये हाताने तयार केलेला होता. जलचिन्ह, छापील स्वाक्षरी आणि नोटांची क्रमांकवार नोंद, ही त्यांच्या सुरक्षिततेची साधने होती. तरीही बनावट नोटा इतक्या निघाल्या की, ही मालिका मागे घ्यावी लागली आणि १८६७ पासून निराळ्या धर्तीच्या नोटा आल्या.

त्या काळातील एक व्यवहार आज वाचताना नवल वाटते. मोठी रक्कम दूरच्या गावी पाठवायची, तर सावकार नोट मधोमध कापीत. एक अर्धे आधी टपालाने जाई. ते पोहोचल्याची खबर आली की मग दुसरे अर्धे रवाना होई. वाटेत टपाल लुटले गेले, तरी चोराच्या हाती अर्धाच कागद लागे. नोटेच्या दोन्ही अंगांस क्रमांक छापलेला असे. तो दोन्ही तुकड्यांवर जुळला, की नोट पुन्हा एक होई. आज संग्राहकांच्या हाती येणाऱ्या त्या काळच्या कित्येक नोटांवर मधोमध जोडल्याची खूण दिसते ती यामुळेच. क्रमांकाचे मूळ काम येथे स्पष्ट होते. दोन तुकडे एकाच वचनाचे आहेत, ही साक्ष तो देत असे.

त्या वेळी नोट सगळीकडे सारखी चालतही नव्हती. देशाची विभागणी चलनमंडलांत केलेली होती आणि नोट ज्या मंडलात निघाली तेथेच ती कायद्याने वटवून मिळे. १९०३ ते १९११ या काळात ५, १०, ५० आणि १०० रुपयांच्या नोटा टप्प्याटप्प्याने सार्वत्रिक झाल्या. नोटेचे गाव पुसले गेले. क्रमांक तेवढा उरला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदीच्या टंचाईमुळे ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट आली, आणि सावकाराच्या तिजोरीतील नोट सामान्य माणसाच्या कनवटीला पोहोचली.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. क्रमांक नोटेला इतरांहून वेगळे करतो हे खरे, परंतु हे वेगळेपण समानतेच्या रक्षणासाठी आहे. एकाच क्रमांकाच्या दोन नोटा निघाल्या तर त्यांतील एक खोटी, हे ओळखता यावे. म्हणजे बाकीच्या सर्व नोटा निःशंकपणे एकमेकींच्या जागी चालाव्यात. कोणती नोट आपल्याला मिळाली, याचा विचारच करावा लागू नये, यासाठी प्रत्येक नोट मोजून ठेवलेली असते. संग्राहक हीच ओळ नेमकी उलट्या हेतूने वाचतो. 'कोणतीही चालेल' या तत्त्वावर उभ्या असलेल्या वस्तूंतून तो 'हीच हवी' असे म्हणतो.

२

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नाशिक येथे सरकारी छापखाना उभा राहिला. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून येत. १९३२ पर्यंत सर्व मूल्यांच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ ची. तिची पहिली नोट, पाच रुपयांची, १९३८ च्या जानेवारीत आली. साहित्याच्या वाचकांना येथे एक नाव आपुलकीचे वाटेल. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख हे संस्कृतचे जाणकार होते आणि त्यांनी 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला. सहाव्या जॉर्जच्या नोटांवर त्यांची स्वाक्षरी आहे. संग्राहक या नोटा स्वाक्षरीवरून ओळखतात आणि 'देशमुखांच्या नोटा' असा त्यांचा उल्लेख करतात.

नोटेची छपाई पूर्ण झाल्यावर, पत्रा कापण्यापूर्वी, अगदी अखेरीस क्रमांक उमटवला जातो. आजच्या क्रमांकात दोन भाग असतात. प्रथम अंक व अक्षरे मिळून झालेला एक गट असतो, त्याला संग्राहक 'प्रीफिक्स' म्हणतात. त्यापुढे सहा अंक असतात. एका प्रीफिक्सखाली सुमारे दहा लाख नोटा निघतात. अनेक नोटांवर क्रमांकाच्या मागे एक फिकट अक्षरही असते, त्यास 'इनसेट' म्हणतात. २००५ पासून नोटेच्या मागे छपाईचे वर्ष येऊ लागले. २०१५ पासून अंक डावीकडून उजवीकडे आकाराने वाढत जाऊ लागले. स्वाक्षरी, वर्ष, इनसेट आणि प्रीफिक्स यांच्या आधारे संग्राहक नोटांचे वर्गीकरण करतात. हस्तलिखितांचा अभ्यासक लेखनकाल, प्रत आणि पाठ यांची जी नोंद ठेवतो, तिच्याशी हे काम फार मिळतेजुळते आहे.

क्रमांकाच्या आरंभीची अक्षरे कधी कायदाही सांगतात. १९५९ साली हजयात्रेकरूंसाठी रिझर्व्ह बँकेने १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एचए' ही रोमन अक्षरे असत. या नोटा सौदी अरेबियात वापरण्यासाठी होत्या, भारतातील बाजारात चालण्यासाठी नव्हत्या. दोन अक्षरांनी नोटेचा प्रदेश ठरत होता. आज या नोटा दुर्मीळ मानल्या जातात, आणि त्या दुर्मीळतेला ऐतिहासिक कारण आहे: त्या थोड्या निघाल्या, एका विशिष्ट प्रवासासाठी निघाल्या आणि काम होताच परत घेतल्या गेल्या.

'स्टार' नोटेची कथा याहून निराळी आहे. छपाईत एखादी नोट बिघडली, तर शंभराच्या गड्डीत एक क्रमांक कमी पडतो. ती जागा भरून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००६ पासून प्रीफिक्स आणि अंक यांच्यामध्ये तारकाचिन्ह असलेल्या नोटा देण्यास सुरुवात केली. अशी गड्डी शंभर नोटांचीच असते, पण तिच्यातील क्रमांक सलग नसतात, आणि तशी सूचना गड्डीच्या पट्टीवर असते. थोडक्यात, तारका ही दुसऱ्या कुठल्यातरी नोटेच्या दोषाची खूण आहे. जुन्या पोथीत गळालेली ओळ समासात लिहून वर काकपद काढावे, तसेच हे. संग्राहकाला मात्र ही दुरुस्तीची खूणच प्रिय होते. उलट, सामान्य माणसाला तिचा संशय येतो. २०२३ च्या जुलै महिन्यात तारकेच्या नोटा खोट्या आहेत अशी अफवा समाजमाध्यमांवर पसरली, तेव्हा त्या इतर नोटांसारख्याच वैध आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेला करावा लागला. एकच चिन्ह एकाने खजिन्याची खूण म्हणून वाचले आणि दुसऱ्याने फसवणुकीची.

३

'दुर्मीळ क्रमांक' हा शब्दप्रयोग या व्यवहारात सर्रास ऐकू येतो. तो तपासून पाहिला पाहिजे. एका प्रीफिक्समध्ये ७७७७७७ हा क्रमांक किती वेळा येतो? एकदाच. आणि ४८२९१७? तोही एकदाच. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही क्रमांक सारखेच एकमेव आहेत. या अर्थाने आपल्या खिशातील प्रत्येक नोट अद्वितीय आहे. मग पहिल्या क्रमांकासाठी लोक झुंबड करतात आणि दुसऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, हे का?

उत्तर असे की, दुर्मीळ असतो तो क्रमांकांचा वर्ग. आणि वर्ग पाडतो तो वाचक. सहाही अंक सारखे असलेले क्रमांक दहा लाखांत नऊच येतात. डावीकडून आणि उजवीकडून सारखेच वाचता येणारे क्रमांक ९९९ येतात, म्हणजे साधारण हजारात एक. पहिली नोट ०००००१ ही एकच असते. ज्या प्रीफिक्समध्ये दहा लाखावी नोट निघते, तिच्यावर सहांऐवजी सात अंक येतात, तीही एकच. ४८२९१७ या क्रमांकासाठी वर्ग पाडण्यास कोणाला काही कारण सापडत नाही, म्हणून तो गर्दीत मिसळतो. मात्र ४ ऑगस्ट २०१७ ही ज्याची जन्मतारीख आहे, त्याच्यासाठी ०४०८१७ हा क्रमांक गर्दीतला राहत नाही. वाढदिवसाच्या तारखेच्या नोटा चौकटीत बसवून भेट देण्याची हौस याच वाचनातून आलेली आहे.

म्हणजे क्रमांकाचे वेगळेपण यंत्र देते, पण अर्थ वाचक देतो. आणि एकट्या वाचकाने दिलेला अर्थ बाजारात चालत नाही. त्याला वाचकांचा समुदाय लागतो. जन्मतारखेच्या नोटेला तिच्या धन्यापुरतेच मोल असते. ७७७७७७ ला गिऱ्हाईक सापडते, कारण ती एकसारखी रांग कोणालाही, कोणत्याही भाषेत, न शिकवता दिसते.

४

अंकांना अर्थ देण्याची सवय आपल्याकडे नवी नाही, आणि तिचा साहित्याशी जवळचा संबंध आहे. संस्कृत ग्रंथकार भूतसंख्येच्या पद्धतीने शब्दांतून अंक सांगत: चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, ऋतू म्हणजे सहा, ऋषी म्हणजे सात, वसू म्हणजे आठ, आकाश म्हणजे शून्य; आणि वाचायचे ते एकं स्थानापासून. फार्सी-उर्दू परंपरेत अबजद पद्धतीने प्रत्येक अक्षराला संख्या दिलेली असते. तिच्या आधारे एखाद्या राजाच्या मृत्यूचे किंवा इमारतीच्या उभारणीचे साल काव्यपंक्तीत गुंफले जाई. तेथे शब्द आणि संख्या यांच्यात भिंत नव्हती.

७८६ ही संख्या याच अबजद परंपरेतून आली. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' या पवित्र वचनातील अक्षरांची बेरीज ती आहे: 'बिस्म'चे १०२, 'अल्लाह'चे ६६, 'अर्रहमान'चे ३२९ आणि 'अर्रहीम'चे २८९. कागदावर वचन लिहिले आणि तो कागद कुठे पायदळी पडला तर अवमान होईल, म्हणून पत्राच्या माथ्यावर संख्या लिहिण्याची रीत भारतीय उपखंडात रुजली. अनेक धर्मपंडितांना ही रीत मान्य नाही, तरी लोकव्यवहारात ती टिकून आहे. १९७५ च्या 'दीवार' चित्रपटात मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या नायकाच्या बिल्ल्यावर हीच संख्या होती, आणि त्या बिल्ल्याने ती धर्माच्या सीमेपलीकडे घराघरांत नेली. आज ७८६ ची नोट पाकिटाच्या आतल्या कप्प्यात जपणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे आढळतात.

उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या क्रमांकाचे आकर्षणही आपल्याला परके नाही. 'चिमा काय कामाची' हे वाक्य उलट वाचून दाखवण्याचा खेळ मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली आहेत. गोदावरीकाठच्या पार्थपूरचा, म्हणजे आजच्या पाथरीचा, सोळाव्या शतकातील सूर्यदास हा गणिती होता. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर आणि 'बीजगणिता'वर त्याने टीका लिहिल्या. त्यानेच 'रामकृष्णविलोमकाव्य' रचले: सरळ वाचावे तर रामाची कथा, उलट वाचावे तर कृष्णाची. एकाच माणसाला गणित आणि विलोमकाव्य यांची ओढ असावी, हे आम्हांला योगायोगाचे वाटत नाही. नियमबद्ध मांडणीत अचानक उमटलेली आकृती पाहण्याचा आनंद दोन्हीकडे एकच आहे. फरक इतकाच की, सूर्यदासाने ती आकृती कष्टाने घडवली. नोटेवर ती मोजणीच्या ओघात, कोणाच्याही इच्छेविना उमटते.

५

या आनंदाचे रूपांतर किमतीत कसे होते? येथे संग्राहकांची शिस्त पाहण्याजोगी आहे. क्रमांक कितीही सुंदर असो, नोट मळलेली, दुमडलेली, शाईने लिहिलेली असेल तर तिचे मोल झपाट्याने उतरते. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना नोटांच्या गड्ड्यांना पिना मारणे बंद करण्यास सांगितले. त्याआधीच्या बहुतेक कोऱ्या नोटांनाही पिनेची भोके असतात, आणि संग्राहक तीही तपासून पाहतो. क्रमांकातील एखादा अंक खोडून बदलला तर नाही ना, दोन्ही बाजूंचे क्रमांक जुळतात ना, प्रीफिक्स आणि स्वाक्षरी एकाच काळातील आहेत ना, हे सारे पाहिल्यावर मग सौदा होतो. ही पाठचिकित्साच आहे.

काही ठिकाणी नोटा काढणारी संस्था स्वतःच या हौसेचा मान राखते. बँक ऑफ इंग्लंडने सप्टेंबर २०१६ मध्ये प्लास्टिकची पाच पौंडांची नोट काढली, तेव्हा पहिल्या क्रमांकाची नोट राणी एलिझाबेथ यांना देण्यात आली. आरंभीच्या क्रमांकांच्या काही नोटांचा लिलाव झाला आणि त्याचे पैसे धर्मादाय संस्थांना गेले. काही नोटांना तेथे दर्शनी मूल्याच्या शेकडो पट किंमत आली. येथे वाचकांचा समुदाय उघडपणे एकत्र आला होता. वस्तू कुठून आली हे सर्वांना ठाऊक होते आणि घेणारा समोर उभा होता.

ग्रंथसंग्राहकाच्या उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होईल. एखाद्या कवितासंग्रहाची पहिली आवृत्ती आणि दहावी आवृत्ती यांत कविता त्याच असतात. वाचण्यासाठी दहावी आवृत्ती पुरते. तरीही पहिल्या आवृत्तीची, कवीच्या स्वाक्षरीची प्रत कोणी जास्त पैसे देऊन घेतो, कारण ती प्रत त्या कवितेच्या इतिहासात एका जागी उभी आहे. नोटेचेही तसेच. तिचे वचन सर्वांना सारखे आहे. तिचा क्रमांक तिला मोजणीतील एक जागा देतो. त्या जागेशी ज्याला नाते जोडता येते, त्याच्यासाठी ती नोट वस्तू होते, पैसा राहत नाही. मात्र कवितेचे वाङ्मयीन मूल्य आणि प्रतीची बाजारातील किंमत यांची गल्लत आपण वर्गात करू देत नाही. नोटेच्या बाबतीत नेमकी तीच गल्लत होते.

६

७८६ चेच उदाहरण घेऊ. ही नोट घरात असेल तर लाखो रुपये मिळतील, असे दावे गेली अनेक वर्षे फिरत आहेत. ते वाचणाऱ्याने साधा हिशेब करावा. सहा अंकांत ७८६ हे तीन अंक सलग चार ठिकाणी बसू शकतात. प्रत्येक ठिकाणी उरलेले तीन अंक हजार प्रकारांनी भरता येतात. ७८६७८६ हा क्रमांक दोनदा मोजला जातो, तो एकदा वगळला की दहा लाखांत असे ३९९९ क्रमांक होतात. म्हणजे सुमारे अडीचशे नोटांत एक. मार्च २०२३ अखेर देशात सुमारे १३,६०० कोटी नोटा चलनात होत्या. क्रमांक सारखे विखुरलेले धरले, तर त्यांतील पन्नास कोटींहून अधिक नोटांवर ७८६ हे अंक कुठे ना कुठे असणार. देशातील प्रत्येक कुटुंबाला एकेक वाटली तरी उरतील एवढी ज्यांची संख्या, त्या नोटांना दुर्मीळ म्हणता येत नाही.

ही नोट जपणाऱ्याचे त्यामुळे काहीच बिघडत नाही. वडिलांनी पहिल्या पगारातून काढून दिलेली ७८६ ची दहा रुपयांची नोट मुलगी जन्मभर सांभाळते, तेव्हा ती तिची किंमत विचारीत नाही. विकायची नाही हाच तिच्या मोलाचा अर्थ असतो. फसवणारा नेमका या ठिकाणी हात घालतो. ज्या वस्तूला मनात इतके मोल आहे, तिला बाजारातही तितकेच असणार, हा विश्वास तो वापरतो. गिऱ्हाईक तयार आहे असे सांगतो, मग नोंदणीचे शुल्क मागतो, मग कर मागतो, मग दलाली. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याविषयी जाहीर इशारा दिला: काही लोक बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी शुल्क, दलाली वा कर मागत आहेत, बँक असे व्यवहार करीत नाही आणि कोणाकडून असे शुल्क घेत नाही. खऱ्या व्यवहारात घेणारा पैसे देतो. विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागितले गेले, तर तेथे गिऱ्हाईक नसतेच.

क्रमांक आणि वचन यांची फारकत सर्वांत तीव्रपणे दिसली ती २०१६ मध्ये. ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या त्या वेळच्या नोटांची वैधता संपली. देव्हाऱ्यात, कुराणाच्या पानांत, लग्नाच्या शालूच्या घडीत जपलेल्या नोटांचा तेव्हा प्रत्येक घरात विचार झाला असणार. बँकेत भरावी तर मोल वाचते, पण ती नोट जाते. बदल्यात मिळणाऱ्या नोटेवर तो क्रमांक नसतो. ठेवावी तर क्रमांक राहतो, पण वचन संपते. चलनाच्या तत्त्वाप्रमाणे एका नोटेऐवजी दुसरी मिळाली की नुकसान शून्य. ज्याने ती ओळ वाचली होती त्याला मात्र नुकसान कळत होते.

पुढे २०१७ च्या कायद्याने या रद्द नोटा दहांपेक्षा अधिक बाळगणे हा गुन्हा ठरवला. त्याच कायद्यात एक अपवाद आहे: अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठी पंचवीस नोटांपर्यंत ठेवता येतात. आम्हांला ही तरतूद फार अर्थपूर्ण वाटते. राज्याने स्वतःचे वचन मागे घेतले, आणि तरीही या कागदाला पैशाहून निराळे असे काही मोल असू शकते, हे कायद्याच्या भाषेत मान्य केले. पंचवीस हा आकडा कुठून आला असेल तो असो. त्याच्यामागे 'वाचक' नावाच्या माणसाची दखल आहे.

यावरून आमचे म्हणणे थोडक्यात असे. नोटेच्या क्रमांकाला तीन निरनिराळी मोले असू शकतात आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. दर्शनी मूल्य राज्याच्या वचनावर उभे असते आणि ते क्रमांकाकडे पाहतच नाही. श्रद्धेचे किंवा आठवणीचे मोल एका माणसाच्या, एका घराच्या वाचनावर उभे असते. ते खरे असते, पण हस्तांतरित होत नाही. संग्राहकाचे मूल्य वाचकांच्या समुदायावर उभे असते. त्याला पुरावा लागतो, प्रतीची अवस्था लागते, आणि त्याच नोटेची आस असलेला दुसरा वाचक लागतो. साहित्यात आपण सामाजिक आशय, वैयक्तिक प्रत्यय आणि वाङ्मयीन परंपरा यांचे भान वेगवेगळे ठेवण्याचा प्रयत्न करतो, तोच विवेक येथेही हवा.

मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. विद्यार्थ्यांची सहल तेथे नेणाऱ्या अध्यापकांनी मराठीच्या विद्यार्थ्यांनाही बरोबर घ्यावे, असे आम्ही सुचवू. जुन्या नोटेसमोर उभे राहिल्यावर ती आज कितीला जाईल, हा प्रश्न पहिल्यांदा सुचणारच. त्यानंतर मुलांना तो क्रमांक मोठ्याने वाचायला सांगावा, आणि हा अंक कोणी, कशासाठी, कोणाच्या भरवशासाठी लिहून ठेवला होता, हे विचारावे.